एकाच जंतूची तीन नावं : प्रबंधात कोणतं लिहू?

डांबरगोळी
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचत होते, आज गळ्याशी आलंय म्हणून पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

बडोद्यात पीएचडी करतेय (संस्था विचारू नका). कारेलीबागेत आमच्या घरामागे एक स्कूटर गॅरेज आहे. तिथली तेल पिऊन काळी झालेली माती आणली, प्लेटमध्ये नॅफ्थलीनशिवाय खायला काहीच ठेवलं नाही, आणि जे तगले त्यातला एक जंतू गेली चार वर्षं सांभाळतेय. वहीत त्याचं नाव केबी-७. आई त्याला "तुझा तो डांबरगोळ्या खाणारा" म्हणते.

सुरुवातीला १६एस, म्हणजे एका जीनवरून ओळख, करून घेतलं होतं. रिपोर्ट आला : स्यूडोमोनास पुटिडा, ९९.६ टक्के. आम्ही खूश. गेल्या वर्षी पैसे मिळाले म्हणून पूर्ण जीनोम वाचून घेतला आणि तिथून डोकेदुखी सुरू झाली.

एनसीबीआयवर, म्हणजे अमेरिकेच्या जीनोमसाठ्यात, शोधलं तर सगळ्यात जवळचा निघाला पुटिडाचा केटी२४४० नावाचा वाण. म्हणजे पुटिडाच. टीवायजीएस या जंतू ओळखणाऱ्या संकेतस्थळावर फाइल चढवली तर ईमेल आला की हा पुटिडा नाही, अ‍ॅलोपुटिडा आहे. जीटीडीबी हा जीनोमवरून वर्गीकरण करणारा डेटाबेस म्हणतो "स्यूडोमोनास_ई अ‍ॅलोपुटिडा". हा 'ई' कुठून उपटला?

सर म्हणतात पुटिडाच ठेव, आपले आधीचे दोन पेपर त्याच नावावर आहेत. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय. मुखपृष्ठावर काय छापू?

---

शेवउसळ
सोमवार, रात्री ११:५२

तिन्ही छाप. आमच्या आजोबांचं पाळण्यातलं नाव एक, शाळेतलं दुसरं आणि रेशनकार्डावरचं तिसरंच होतं. नव्वदीपर्यंत सुखाने जगले.

---

सूरसागर
मंगळवार, सकाळी ७:१०

वाचनखूण साठवली आहे.

---

जीनोम_गणपत
मंगळवार, सकाळी ९:२५

ताई, आधी शांत व्हा. तुम्ही तीन दारं ठोठावलीत, आणि प्रत्येक दारात वेगळा प्रश्न विचारला गेलाय.

१६एस म्हणजे एकच जीन, साधारण १५०० अक्षरांचा. कूळ ओळखायला उत्तम, सख्खे भाऊ ओळखायला कुचकामी. दोघांत ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी साम्य निघालं तर जाती बहुधा वेगळ्या असं धरतात. त्याच्या वर कितीही निघालं तरी एकच जात, असं म्हणता येत नाही. दांडिया बाजारात उभं राहून "शिंदे कुठे राहतात?" विचारलं तर लोक विचारतील, कोणते? स्यूडोमोनासमध्ये हाच प्रकार आहे. ९९.६ वाल्या पाट्या अनेक दारांवर आहेत.

आता एनसीबीआय. जेनबँक १९८२ पासूनचं. ज्याने जीनोम चढवला त्याने दिलेलं नाव तिथे लागतं. हल्ली ते स्वतः टाइप स्ट्रेनशी, म्हणजे जातीचा अधिकृत नमुना म्हणून जपलेल्या वाणाशी, ताडून पाहतात, पण केटी२४४० म्हणजे जुना मानकरी. त्याचा जीनोम २००२ साली आला, शेकडो प्रयोगशाळांत तो पुटिडा म्हणूनच वाढला. त्या नावाने एवढं लिहिलं गेलंय की कोण हात लावणार?

पण नियमाप्रमाणे जातीचं नाव एका खुंट्याला बांधलेलं असतं, तो खुंटा म्हणजे टाइप स्ट्रेन. पुटिडाच्या टाइप स्ट्रेनशी केटी२४४० ताडला तर सरासरी साम्य, म्हणजे एएनआय, नव्वदीच्या आसपास येतं. एका जातीची सीमा ९५-९६. म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध पुटिडा पुटिडाच नाही! २०१९ साली त्याच्या गोताला अ‍ॅलोपुटिडा म्हणावं असा प्रस्ताव आला. लॅटिनमध्ये पुटिडा म्हणजे दुर्गंधी सुटलेली, ग्रीकमध्ये अ‍ॅलो म्हणजे दुसरी.

टीवायजीएस जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या डीएसएमझेड या जंतुसंग्रहालयाचं. ते प्रामुख्याने टाइप स्ट्रेनच्या जीनोमशीच ताडून बघतात, म्हणून तुमचं उत्तर तिथे बदललं. एकच जात म्हणायला डीएनए ७० टक्के तरी जुळायला हवा, हा त्यांचा उंबरठा १९८७ च्या एका समितीचा आहे. त्या काळी दोन जंतूंचे डीएनए खरोखर परीक्षानळीत एकमेकांना चिकटवून बघत असत. आता ते गणिताने करतात, पण आकडा तोच ठेवलाय, जुन्या अभ्यासाशी मेळ राहावा म्हणून.

जीटीडीबीचं आणि त्या 'ई'चं दुपारी लिहितो. मीटिंग आहे.

---

शेवउसळ
मंगळवार, सकाळी ९:४०

"दुसरी दुर्गंधी सुटलेली". चार वर्षं पोरीने सांभाळलेल्या जंतूला हे नाव? कुणीतरी नामकरण समितीला शेव-उसळ खायला बोलवा, माणसं गोड होतील.

---

लॅबवाली_ताई
मंगळवार, दुपारी १:१५

तुमचं मुखपृष्ठ, आमचं रोजचं पोट. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कल्चरचे रिपोर्ट काढते. २०१७ मध्ये एंटरोबॅक्टर एरोजेनेसचं क्लेब्सिएला एरोजेनेस झालं. आमच्या मशीनचा डेटाबेस काही वर्षांनी अपडेट झाला आणि एका रात्री रिपोर्टवर नवीन नाव छापून गेलं. साडेबाराला फोन. निवासी डॉक्टर म्हणतात, क्लेब्सिएला आहे ना, मग नेहमीचं सेफॅलोस्पोरिन लावतो, सेन्सिटिव्ह दिसतंय. त्यांच्या डोक्यात क्लेब्सिएला न्यूमोनी, ही दुसरीच जात. अहो, पण हा तोच जुना एंटरोबॅक्टर! त्याच्याकडे जन्मजात एक एन्झाइम आहे, औषध सुरू असतानाच तो ते वाढवून बसतो आणि मग औषध लागू पडत नाही. नाव बदललं म्हणून खोड थोडीच जाते.

तेव्हापासून मी कंसात "पूर्वीचं एंटरोबॅक्टर एरोजेनेस" हाताने टाइप करते. वरून हुकूम नाही काही, माझ्या समाधानासाठी.

---

सुगरण_मांजलपूर
मंगळवार, दुपारी १:५०

म्हणजे माहेरचं नाव! लग्नानंतर मीही पासबुकात दोन वर्षं "पूर्वाश्रमीच्या" लिहीत होते. या जंतूंची लग्नं कोण लावतं पण?

---

जुना_शिक्षक
मंगळवार, दुपारी ३:०५

लग्नं लावतात पेपर छापायची घाई झालेले लोक. चौतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. मुलांना लॅक्टोबॅसिलस पाठ करवून घेतला, २०२० मध्ये एका पेपरने त्याचे पंचवीस तुकडे केले. तेवीस नवी नावं एका दमात! केसी गेला लॅक्टिकेसीबॅसिलसमध्ये, प्लँटेरम लॅक्टिप्लँटिबॅसिलसमध्ये. उच्चार करता करता दही लागेल. त्यानंतर फर्मिक्यूट्सचं बॅसिलोटा, प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनाडोटा. शिकवलेलं सगळं पुसून टाकायचं का?

आणि गणपतराव, तो आर्यभट्टाईचा किस्सा सांगा ना. इस्रोने फुगा सोडला, वीस ते चाळीस किलोमीटर उंचीवरची हवा पकडली, त्यात तीन नव्या जाती मिळाल्या. २००९ साली जाहीर झाल्या : एक खगोलशास्त्रज्ञ हॉइलच्या नावाने, एक इस्रोच्या, एक आर्यभटाच्या. मी वर्गात पेढे वाटले होते. आता म्हणे बॅसिलस आर्यभट्टाई नाही, प्रीस्टिया. आणि काही जण म्हणतात की जीनोम बघता तो स्वतंत्रही नाही, साधा मेगाटेरियमच. आमचे पेढे परत द्या.

---

सुगरण_मांजलपूर
मंगळवार, दुपारी ३:२०

दह्याचं काय झालं ते सांगा आधी. विरजणातला तरी जागेवर आहे का?

---

जीनोम_गणपत
मंगळवार, दुपारी ४:१०

दह्याला धक्का नाही. डेलब्रुकी हीच लॅक्टोबॅसिलसची टाइप जाती, म्हणून जुनं नाव तिच्याकडेच राहिलं. अ‍ॅसिडोफिलसही तिच्याबरोबर. ढोकळ्याच्या पिठात जो फर्मेंटम सापडतो तो मात्र आता लिमोसिलॅक्टोबॅसिलस.

गुरुजी, तुमचा राग कळतो. पण तुकडे उगाच नाही पडले. त्या एका लॅक्टोबॅसिलसमध्ये २६० च्या वर जाती कोंबल्या होत्या, आणि त्यातल्या काहींमध्ये इतकं अंतर होतं की इतरत्र तेवढ्या अंतराला वेगळं कुटुंब म्हणतात. मेगाटेरियमचं म्हणाल तर ते नाव १८८४ चं. दोन नावं एकाच जातीची निघाली तर आधीचं जिंकतं, फुगा कितीही उंच गेला असला तरी. आर्यभटाचं नाव पुसलं जात नाही, नोंदीत राहतं.

आता तो 'ई'. जीटीडीबी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातून चालतो, २०१८ मध्ये त्याचा मोठा पेपर आला. बॅक्टेरियांसाठी १२० जीन घेऊन त्यांचं झाड बांधतात. मग ते झाड मापाने कापतात, म्हणजे एका फांदीवरची प्रजाती आणि दुसऱ्या फांदीवरची प्रजाती साधारण सारख्याच जुन्या असाव्यात. तसं कापलं की काही जुनी नावं झाडावर इकडेतिकडे विखुरलेली दिसतात. टाइप जात ज्या फांदीवर बसलीय ती कोरं नाव ठेवते, बाकीच्यांना मागे अक्षर लागतं. स्यूडोमोनासची टाइप जात एरुजिनोसा. पुटिडा, फ्लुओरेसेन्स मंडळी तिच्यापासून लांब, म्हणून त्यांची फांदी स्यूडोमोनास_ई.

---

शेवउसळ
मंगळवार, दुपारी ४:१८

सोसायटीची ई विंग. पार्किंग नाही, मेंटेनन्स तेवढाच.

---

जीनोम_गणपत
मंगळवार, दुपारी ४:२२

हसू नका, खरंच तसंच आहे. आणि ई विंग हे काही अधिकृत नाव नाही, तात्पुरती पाटी आहे. कुणीतरी रीतसर नवं नाव प्रसिद्ध करेपर्यंत ती तशीच लटकणार. ताई, प्रबंधात जातीच्या नावात "_ई" लिहू नका.

---

मांडवीचा_ग्रंथपाल
मंगळवार, रात्री ८:४५

मला सूक्ष्मजीवांतलं ओ की ठो कळत नाही. पण वर्गीकरणाचा विषय निघाला आणि गप्प बसवेना.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत माझी उमेदवारी गेली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी पाहून यावी. लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन, वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या पुस्तकांवर पडावा म्हणून. नवीन नोकर पहिल्या दिवशी काचेवर पाय टाकायला घाबरत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणला. तीनच वर्षं राहिला, पण जाताना बडोद्याची स्वतःची वर्गीकरण पद्धत देऊन गेला, आकड्यांची आणि अक्षरांची सरमिसळ करून. म्हणजे मागे अक्षर लावण्याचा उद्योग आपल्या गावाला नवा नाही.

तर माझा भाबडा प्रश्न. पुस्तक या कपाटातून त्या कपाटात गेलं तर त्याच्या पाठीवरची चिठ्ठी बदलते, पुस्तकाचं नाव नाही. ज्ञानेश्वरी धर्मात ठेवा की काव्यात ठेवा, ती ज्ञानेश्वरीच. मग या बिचाऱ्यांचं नाव का बदलतं?

---

जीनोम_गणपत
मंगळवार, रात्री ९:३०

काका, सगळ्या भांडणाचं मूळ तुम्ही बरोब्बर पकडलंत. जंतूच्या नावात पहिला शब्द हेच कपाट असतं. "स्यूडोमोनास" ही चिठ्ठी आणि "पुटिडा" हे नाव, आणि नियमाने दोन्ही एकत्र लिहायचं. चिठ्ठी बदलली की नावही बदललंच.

म्हणून दोन वेगळ्या वह्या लागतात. एक नावांची, एक कपाटांची. नावांची वही म्हणजे एलपीएसएन. १९९७ मध्ये तुलूझच्या एका प्राध्यापकांनी, युझेबी यांनी, सुरू केली. आता तीही डीएसएमझेडकडे आहे. कुठलं नाव रीतसर प्रसिद्ध झालं, कधी झालं, टाइप स्ट्रेन कोणता, पूर्वीची नावं कोणती, हे तिथे मिळतं. १ जानेवारी १९८० ला सगळ्यांनी मिळून पाटी पुसली होती. हजारो जुनी नावं गळाली, दोन-अडीच हजार यादीत उरली, त्यानंतरची नावं एकाच नियतकालिकाच्या दारातून आत येतात.

कपाटांची वही म्हणजे जीटीडीबी. २०२४ च्या २२० व्या आवृत्तीत जवळजवळ सहा लाख जीनोम आणि १ लाख १३ हजारांवर जाती. रीतसर नावं मात्र वीस-पंचवीस हजारांच्या घरात. उरलेल्यांना नावाच्या जागी नऊ आकडी क्रमांक. बारशाविना वाढलेली पोरं.

---

मगरमित्र
मंगळवार, रात्री १०:०२

विश्वामित्रीतल्या मगरीही बारशाविनाच वाढल्यात. त्यांची तक्रार नाही.

रच्याकने, वर कुणी "जाती" म्हणतंय, कुणी "प्रजाती". नक्की काय म्हणायचं? पेपरात तर रोज "दुर्मिळ प्रजातीचा पक्षी" असतो.

---

जुना_शिक्षक
मंगळवार, रात्री १०:३०

पेपरवाले चुकतात. मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. हिंदीतल्या शाळेच्या पुस्तकांत जीनसला वंश. मग हिंदीतली "प्रजाति" स्पीशीजच्या अर्थाने मराठीत घुसली आणि गोंधळ झाला. इथे गणपतरावांनी बरोबर वापरलंय, तेवढा एक मुद्दा त्यांना देतो.

---

मांडवीचा_ग्रंथपाल
मंगळवार, रात्री १०:५५

महाराजांनी यावरही उपाय काढला होता. १९३१ चा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू. राज्यकारभाराच्या एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी असे प्रतिशब्द. कचेरीत एका शब्दाला पाच जण पाच शब्द वापरत, म्हणून. तुमच्या डेटाबेसांनी हा ग्रंथ एकदा चाळावा.

---

शेवउसळ
मंगळवार, रात्री ११:०१

त्यात स्यूडोमोनास_ई ला काय दिलंय, काका?

---

मांडवीचा_ग्रंथपाल
मंगळवार, रात्री ११:०९

झोप.

---

डांबरगोळी
बुधवार, सकाळी ८:१५

सगळ्यांचे आभार, एका रात्रीत एवढं! गणपतदादा, एक शंका. हे जुने नियम जिवंत कल्चर मागतात ना? मग ती क्रमांकवाली लाखभर पोरं कधी बारशाला बसणार?

---

जीनोम_गणपत
बुधवार, सकाळी ९:००

बहुतेक कधीच नाही, जुन्या नियमाने. नवी जात जाहीर करायची तर जिवंत टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहालयांत ठेवावा लागतो. आपल्याकडे पुण्याचं एनसीएमआर, चंदीगडचं एमटीसीसी आहे, पण दुसरं बाहेरचं हवंच, आणि बाहेर पाठवायचं म्हणजे २००२ च्या जैवविविधता कायद्याची कागदपत्रं. माझ्या एका मित्राच्या जंतूने अर्जाची वाट बघत फ्रीजरमध्ये दोन दिवाळ्या काढल्या.

आणि मातीतले, समुद्रातले बहुतेक जंतू प्लेटमध्ये वाढतच नाहीत, त्यांचा नुसता डीएनए हाती लागतो. जीनोमलाच टाइप माना, असा प्रस्ताव २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने मतदानात फेटाळला. मग त्या लोकांनी २०२२ मध्ये वेगळी चूल मांडली. तिचं नाव सीककोड. तिथे जीनोमच टाइप. आता दोन पंचांग झालीत.

---

लॅबवाली_ताई
बुधवार, सकाळी ११:४०

दोन पंचांग म्हणजे दोन एकादश्या आणि उपास आम्हाला.

एक विचारायचंय. आमच्याकडे नवीन आलेली मुलगी म्हणत होती की जीनोमवाल्यांच्या मते शिगेला नावाचं काही नाहीच, सगळं ई. कोलाय. खरं का? मग उद्यापासून रक्ती आवेच्या रिपोर्टवर काय लिहू?

---

जीनोम_गणपत
बुधवार, दुपारी १२:०५

जीटीडीबीत खरंच तसं आहे, शिगेला कोलायच्या पोटात गेलाय. झाड तेच सांगतं. पण तुम्ही शिगेलाच लिहा, ताई. नियमांच्या वहीत ते नाव अजून उभं आहे, आणि डॉक्टरला जे कळायला हवं ते त्याच शब्दातून कळतं. प्लेगच्या जंतूचं तर उघड उदाहरण आहे. यर्सिनिया पेस्टिस आणि स्यूडोट्यूबरक्युलोसिस एकच जात असल्याचं माहीत असूनही १९८५ मध्ये नामकरणाच्या न्यायमंडळाने पेस्टिसला पोटजात करणारं नाव बाद केलं. धोका नावात लपू नये म्हणून.

---

जुना_शिक्षक
बुधवार, दुपारी १२:२०

म्हणजे शहाणपण होतं कुणाला तरी.

मग मायकोबॅक्टेरियमचं, क्षयाच्या जंतूच्या प्रजातीचं, सांगा. २०१८ मध्ये त्याचेही पाच तुकडे केले. छातीच्या डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही, नंतर दुसऱ्यांनी पेपर काढून परत एकत्र करा म्हटलं. जीटीडीबीतही एकच ठेवलाय ना? मग दरवेळी "झाड सांगतं" म्हणता ते झाड प्रत्येकाच्या अंगणात वेगळं वाढतं की काय?

---

जीनोम_गणपत
बुधवार, दुपारी १२:४८

गुरुजी, इथे मी हात टेकले. झाड सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं. कुऱ्हाड कुठे घालायची ते ज्याचं त्याचं.

---

सूरसागर
बुधवार, दुपारी १:००

गणपत हात टेकतो, हे पहिल्यांदा वाचलं. धागा सार्थकी.

---

जीनोम_गणपत
बुधवार, दुपारी १:३०

असू दे. @डांबरगोळी, मूळ प्रश्नाकडे येण्याआधी एक राहिलं, खरं तर पहिल्यांदा विचारायला हवं होतं. तुमच्या जीनोमची लांबी किती आली? तुकडे किती? जीनोम किती पूर्ण आणि किती भेसळीचा ते सांगणारं चेकएम चालवलं का?

---

डांबरगोळी
बुधवार, दुपारी २:२०

लांबी ६९ लाख अक्षरं, तुकडे ४१२. चेकएमने पूर्णता ९९.९ दिली, म्हणून मी निवांत होते. शेजारी ७.८ असा आकडा आहे.

जीटीडीबीचं सॉफ्टवेअर मी आधी लॅपटॉपवर घालायला गेले होते. त्याची पोथीच, म्हणजे संदर्भाचा डेटा, शंभर जीबीच्या आसपास, रॅम माझी १६. पंखा असा फिरला की आई स्वयंपाकघरातून विचारते, मिक्सर लावलास का? शेवटी केबेस नावाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन केलं.

---

जीनोम_गणपत
बुधवार, दुपारी २:२६

शेजारचा आकडाच महत्त्वाचा! तो भेसळीचा. ५ च्या वर गेला की कान टवकारायचे. केटी२४४० चा जीनोम ६१.८ लाखांचा, तुमचा ६९. सात लाख जास्तीचे कुठून आले? तुकड्यांचं जीसी प्रमाण, म्हणजे डीएनएत जी आणि सी ही अक्षरं किती टक्के, ते काढा आणि आलेख टाका. स्यूडोमोनास असेल तर ६२ च्या आसपास एकच उंचवटा दिसेल.

---

डांबरगोळी
गुरुवार, रात्री १२:५०

दोन उंचवटे आहेत. एक ६२ वर, दुसरा छोटासा ४३ वर.

---

जीनोम_गणपत
गुरुवार, सकाळी ८:०५

४३ म्हणजे बॅसिलसच्या घरातलं काहीतरी. त्याच बॅचमध्ये आणखी कुणाचा नमुना होता?

---

डांबरगोळी
गुरुवार, दुपारी ४:३५

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचा. तिचा बॅसिलसच. एकाच दिवशी डीएनए काढले होते, एकाच खोक्यातून पाठवले होते. चूक आमच्या टेबलावरची की पुढची, आता कळायला मार्ग नाही.

पण ऐका, लाज वाटतेय तरी सांगते. चौथ्या प्रकरणात मी आठ पानं लिहिली होती की केबी-७ मध्ये बीजाणू तयार करणारे जीन सापडले. स्यूडोमोनासमध्ये बीजाणू! मला वाटलं मोठा शोध लागलाय. सरांनीही "इंटरेस्टिंग" असा शेरा मारला होता. ती सगळी आठ पानं ४३ च्या उंचवट्यातली निघाली. आज दुपारी बसून काढून टाकली. तोंडी परीक्षेत कुणी बोट ठेवलं असतं तर?

ते तुकडे वगळून पुन्हा सगळीकडे चढवलं. लांबी ६१.३ लाख, भेसळ ०.४. पुटिडाच्या टाइपशी एएनआय ९०.१, अ‍ॅलोपुटिडाच्या टाइपशी ९७.२. टीवायजीएस आणि जीटीडीबी दोघंही आधीचंच म्हणतात.

---

जुना_शिक्षक
गुरुवार, संध्याकाळी ५:१०

पोरी, ग्रॅम स्टेन केलास का कधी? स्यूडोमोनास गुलाबी, बॅसिलस जांभळा. जीनोमच्या आधी एक थेंब काचेवर घ्यायचा.

---

डांबरगोळी
गुरुवार, संध्याकाळी ५:१८

केला होता, सर. प्लेटवरचं कल्चर शुद्धच आहे, गुलाबी. भेसळ डीएनएत झाली. पण आज परत केला, तुमच्या नावाने.

---

जुना_शिक्षक
गुरुवार, संध्याकाळी ५:२०

मग ठीक आहे. पेढे माफ.

---

जीनोम_गणपत
गुरुवार, संध्याकाळी ६:००

आता नाव. मी असतो तर असं केलं असतं. मुखपृष्ठावर "स्यूडोमोनास अ‍ॅलोपुटिडा केबी-७". पहिल्या उल्लेखाला एकदाच "आधीच्या प्रकाशनांत स्यूडोमोनास पुटिडा केबी-७", लॅबवाली ताईंचा कंस. सरांचे दोन पेपर त्याने वाचतात. केबी-७ हा शिक्का कधीच सोडायचा नाही, पन्नास वर्षांनी नाव चारदा बदललं तरी लोक तुमचा जंतू त्यावरूनच शोधतील. पद्धतीच्या प्रकरणात जीटीडीबीची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, टीवायजीएसवर चढवल्याची तारीख आणि जीनोमचा नोंदणी क्रमांक. ई विंगचा उल्लेख फक्त तिथल्या तक्त्यात. आणि एनसीबीआयवर जुना भेसळीचा जीनोम चढवला असेल तर तो आजच बदला, नाहीतर पुढच्या कुणाच्या तरी केबी-७ ला बीजाणू फुटतील.

---

डांबरगोळी
गुरुवार, रात्री ९:४०

जीनोम बदलायचा अर्ज आत्ताच टाकला. सरांना दोन्ही उंचवटे दाखवले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अ‍ॅलो लिही. पण कंस मोठा काढ."

---

मांडवीचा_ग्रंथपाल
गुरुवार, रात्री १०:१५

प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयाला नक्की द्या. कोणत्या कपाटात जाईल ते मात्र विचारू नका.

---

डांबरगोळी
सोळा दिवसांनी, दुपारी ३:३०

अपडेट. आज रावपुऱ्यात बांधणीला दिलेल्या पाच प्रती आणायला गेले. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं, देखणं काम. बांधणीवाले काका चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "बेन, स्पेलिंगमां भूल हती, में सुधारी दीधी." पाचही पाठींवर झळकतंय : स्यूडोमोनास आलूपुटिडा.

---

शेवउसळ
सोळा दिवसांनी, दुपारी ३:३२

बदलू नकोस. आधी एलपीएसएनवर बघ, कुणी घेतलंय का.